वासराची फीत

वासरू सकाळपासून तिसऱ्यांदा हंबरलं आणि साफिनाझ तिसऱ्यांदा फाटकापाशी जाऊन रस्ता बघून आली. रस्त्यावर कोणी नव्हतं. शेतात तंबाखूची रोपं लावणाऱ्या बायका वाकलेल्या दिसत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे पोलीस ठाण्याचं लाल कौलारू छप्पर. छपराला काही पाय फुटत नाहीत, हे तिला कळत होतं. तरी दर वेळी ते जागच्या जागी आहे ना, एवढं ती बघून घेत होती.

"वहिनी, बसा हो जरा," ओट्यावरून तिचा दीर कादिर म्हणाला. "तुमच्या येरझाऱ्यांनीच लोकांना कळेल, इथे काहीतरी शिजतंय म्हणून."

कादिर काल संध्याकाळच्या गाडीने इझमीरहून आला होता. तिथे बंदरावर तो मुकादम होता. उकडत असूनही त्याने कोट काढला नव्हता. सणाला म्हणून सगळे आले होते, हा सण थांबवायला आला होता.

"शिजतंयच," चुलीपाशी कांदे चिरता चिरता त्याची थोरली बहीण फेरासेत म्हणाली. "तुझ्यासाठीच शिजतंय. खाताना मात्र तू सगळ्यांच्या पुढे असतोस."

"ताई, शेवटचं सांगतो. वासरू कापा, भात करा, गावाला वाटा. नवस होता म्हणून सांगू. पण ढोल नाही. ढोलाला कोणी हात लावायचा नाही."

"ढोलाशिवाय वासरू म्हणजे खाटकाचा धंदा. मग बाजारातून मांसच आणलं असतं, एवढं पोसलं कशाला?"

"मेर्जान ढोलापायी गेला."

फेरासेतची सुरी थांबली. मेर्जानचं नाव या घरात साफिनाझसमोर कोणी असं सहज घेत नसे. साफिनाझने डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि पुन्हा रस्त्याकडे बघितलं.

नऊ वर्षांपूर्वी याच अंगणात, याच मे महिन्यात ढोल वाजला होता. मठ, दर्गे आणि त्यांतली बुवाबाजी सरकारने कधीच बंद केली होती, आणि साफिनाझची सासू यासेमिन तर गोद्या. म्हणजे ढोलावर अंगात येणारी, आजारी पोरांच्या डोक्यावर हात ठेवणारी, वासराच्या सणाची मालकीणच. वासरू कापायच्या आतच शिपाई आले, तेव्हा म्हाताऱ्या बाईला न्यायची त्यांना लाज वाटली असावी. त्यांनी तिच्या मुलाला नेलं. मेर्जान अकरा दिवसांनी परतला तो खोकतच. अंजीर पिकायच्या आत गेला. ठाण्यावर काय झालं ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही, फक्त कोणी दार वाजवलं की तो भिंतीला चिकटून उभा राहायचा. ती सवय तो जाताना साफिनाझला देऊन गेला.

तेव्हापासून सण बंद. ढोल धान्याच्या कणगीत पुरलेला. पण यंदा थंडीत म्हातारीने एक वासरू आणवलं आणि स्वतःच्या हाताने चारा घालायला लागली. कशाला, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

"आई," कादिर आता खोलीच्या दारात जाऊन बसला. "तूच सांग यांना. तुझं ऐकतील."

यासेमिन खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. वय किती, तिलाच माहीत नव्हतं. सहा वर्षांची असताना तिला वाळवंटातून चालवत, मग जहाजात घालून गुलाम म्हणून आणलं होतं, एवढं ती सांगायची. आईचं नाव आठवत नाही म्हणायची. गाव आठवत नाही. एक लाल फीत बांधलेलं वासरू आणि त्यामागून नाचत चाललेल्या बाया, एवढंच आठवतं.

"नऊ वर्षं दिलं नाही," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी मेर्जान. मग फेरासेतचा नवरा विहिरीत पडला. मग गारा. मागच्या साली तुझी धाकटी."

"धाकटीला घटसर्प झाला होता, आई. डॉक्टरने सांगितलं."

"डॉक्टरने नाव सांगितलं. का झाला ते सांगितलं का?"

पोरीचं नाव निघालं की कादिरचा मुकादमपणा गळून पडायचा. साफिनाझला त्याची दया आली, आणि त्याच वेळी लक्षात आलं की या घरात प्रत्येकजण भ्यालेला आहे, फक्त ज्याचं त्याचं भय वेगळं. म्हातारीला वासरू न दिल्याचं. कादिरला दिल्याचं. फेरासेतला, आई गेल्यावर आपण कोणाचे उरणार याचं.

आणि तिला स्वतःला? तिचं भय आत परात पुढ्यात घेऊन पीठ मळत होतं.

तिची मुलगी नेव्रेस एकोणीसची होती. इझमीरच्या सुईणींच्या शाळेत तिला जागा मिळाली होती. सप्टेंबरात जायचं. ते पत्र साफिनाझने पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं आणि दिवसातून एकदा डबा उचलून बघायची. वाचता येत नव्हतं, पण शिक्का बघायची. त्या शाळेत फक्त बिनलग्नाच्या मुली घेत. कादिरनेच कोणाकोणाचे पाय धरून ते काम केलं होतं. मुलगी आपल्या आजोळावर, म्हणजे साफिनाझच्या गोऱ्या बापावर गेली होती. गव्हाळ रंग, केस तेवढे कुरळे. डोक्याला रुमाल बांधला की कोणी ओळखणार नाही. इथे काळ्या माणसाला सगळे अरब म्हणतात, यांच्यातल्या कोणी खरा अरब पाहिलेला नसला तरी. शहरात तिला कोणी अरब म्हणणार नाही, हे साफिनाझचं मोठं स्वप्न होतं.

म्हणून तर तिने हुर्शितला नको म्हटलं होतं. हुर्शित फेरासेतचा मुलगा, चोवीस वर्षांचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, साध्या सिगारेटचंही व्यसन नाही. फेरासेतने दोनदा विचारलं होतं. साफिनाझने एकदा मुलीचं वय सांगितलं, एकदा शाळा. खरं कारण फेरासेतने ओळखलं होतं. हुर्शित मेर्जानसारखा होता, उंच आणि काळाभोर. ज्या बाईने मेर्जानवर जीव ओवाळून टाकला तिला त्याच रंगाचा जावई नको होता, आणि याची लाज तिला एकटी असतानाच वाटायची.

दुपारी वासराला सजवलं. फेरासेतने त्याच्या गळ्यात लाल रेशमी फीत बांधली, शिंगांच्या कोंबांना तेल लावलं. हुर्शितने सुरीला धार लावून ठेवली. शेजारच्या दहा-बारा बाया आल्या, हळू आवाजात बोलत, मागच्या दाराने. ठरलं होतं ते असं: ढोल नाही, गाणं नाही. वासरू कापायचं, रक्ताचं बोट पोरांच्या कपाळाला लावायचं, आणि घरोघरी भात पोचवायचा. कादिर जिंकला होता, आणि जिंकल्यावर माणूस मऊ होतो तसा तो मऊ झाला होता. आईला हाताला धरून त्यानेच अंगणात आणलं.

म्हातारीने वासराच्या पाठीवरून हात फिरवला. मग आपल्या खाटेवरच्या गोधडीखालून काहीतरी आणायला फेरासेतला खुणावलं. फेरासेतने ते आणून तिच्या मांडीवर ठेवलं तेव्हा कुठे कादिरला दिसलं.

"ताई! ठरलं होतं ना आपलं?"

"तुझं ठरलं होतं," फेरासेत म्हणाली.

आणि यासेमिनने ढोलावर थाप मारली.

नऊ वर्षं कणगीत पडलेलं कातडं, आवाज फुटका निघाला. दुसरी थाप नीट बसली. तिसरीला बायांचे खांदे आपोआप हलले. एका म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साफिनाझ फाटकाकडे धावली, आणि या वेळी रस्त्यावर कोणीतरी होतं.

दोघे होते. पुढे घोड्यावर हवालदार हाय्रेत्तिन, मागे पायी एक कोवळा शिपाई. ते ढोल ऐकून निघालेले नव्हते, एवढ्या लवकर कोणी पोचत नाही. ते आधीच इकडे निघालेले होते.

ढोल थांबला. हवालदार घोड्यावरून उतरला, लगाम शिपायाच्या हाती दिला आणि फाटकातून आत आला. शिपायाने यासेमिनला पाहिलं, आणि साफिनाझने स्पष्ट बघितलं, त्याने पटकन स्वतःच्या दंडाला चिमटा काढला आणि ओठ हलवले. काळं माणूस दिसलं की चिमटा काढून इच्छा मागायची, ती पुरी होते, असं म्हणतात. पोरगा घरची सुट्टी मागत असेल.

"बरीच मंडळी दिसतायत," हवालदार म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "या घराचा पुरुष कोण?"

कादिर पुढे झाला. कोटाची बटणं लावायला लागला आणि ती लागेनात.

"नाव?"

"कादिर."

हवालदाराने वही काढली. "बापाचं नाव?"

"अब्दुल्ला."

"आणि या म्हातारीच्या बापाचं?"

"तेही अब्दुल्लाच, साहेब."

"गंमत आहे. तुमच्या वस्तीत ज्याला विचारावं त्याचा बाप अब्दुल्ला." त्याने लिहिलं. यासेमिनने मान खाली घातली. ज्यांचा बाप कोण हे विकत घेणाऱ्याने विचारलंच नाही, त्या सगळ्यांच्या नावापुढे कारकुनाने अब्दुल्ला लिहून टाकलं होतं. हे सांगण्याची ती जागा नव्हती.

"नऊ वर्षांपूर्वीची एक नोंद आहे याच घराची," वही न मिटता तो म्हणाला. "मी तेव्हा इथे नव्हतो. पण कागद असतात. ढोल, वासरू, बाया. कादिर, हे काय चाललंय?"

कादिरने तोंड उघडलं. नवस म्हणायचं ठरलेलं होतं, सकाळपासून चार वेळा घोकलं होतं. पण ढोल म्हातारीच्या मांडीवर होता, आणि नवसाला ढोल कोण वाजवतं? तो एक पाऊल मागे सरला. पाठ भिंतीला टेकली. साफिनाझला तिथे कादिर दिसेना, मेर्जान दिसला, तसाच भिंतीला चिकटलेला.

"साखरपुडा आहे," ती म्हणाली.

आवाज आपलाच आहे हे तिला नंतर कळलं.

"कोणाचा?"

"माझ्या मुलीचा."

"अरे वा. मुलगा कोण?"

साफिनाझ अजून श्वासच घेत होती, तेवढ्यात शेजारून फेरासेतचा आवाज आला, अगदी घरगुती, हसरा. "माझा हुर्शित, साहेब. हा काय, सुरी घेऊन उभाय. आतेमामेभावंडं आहेत, लहानपणापासूनचं ठरलेलं. साखरपुड्याला ढोल तर वाजणारच ना?"

साफिनाझने नणंदेकडे वळून बघितलं. फेरासेत हवालदाराकडेच बघत होती. तिने बुडत्याला हात दिला होता की संधी साधली होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. बहुतेक तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मग चांगल्या वेळी आलो," म्हणत हवालदार खुर्चीवर बसला. "अंगठ्या घातल्या?"

"अजून नाही," फेरासेत म्हणाली.

"मग होऊन जाऊ द्या. मोठं माणूस कोणीतरी लागतंच अंगठ्यांना बांधलेली फीत कापायला. मी कापतो."

दारात नेव्रेस येऊन उभी होती. कोपरापर्यंत पीठ. तिने सगळं ऐकलं होतं. ती आईकडे बघत होती, आणि साफिनाझला त्या नजरेला नजर देता येईना, म्हणून ती कामाला लागली. काम असलं की हात चालतात.

अंगठ्या कुठून आणायच्या? एक तिच्या बोटात होती. दुसरी गळ्यातल्या दोऱ्यात, झग्याच्या आत, नऊ वर्षं. मेर्जानला धुतलं तेव्हा तिने ती स्वतः काढून घेतली होती. तिने दोरा दातांनी तोडला. फेरासेतने ते पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला.

"साफिनाझ, ती नको," ती कुजबुजली. "माझी देते."

"तुमच्या बोटातून निघायची नाही, वन्सं. वेळ नाही."

दोन्ही अंगठ्यांना बांधायला फीत हवी होती. लाल. घरात लाल काहीच नव्हतं. हुर्शितने इकडेतिकडे बघितलं, मग सुरी बाजूला ठेवून वासराच्या गळ्यातली गाठ सोडली. वासराने त्याचा हात चाटला.

दोघांना म्हातारीपुढे उभं केलं. हुर्शितची मान वर होत नव्हती. गेली दोन वर्षं त्याला जे हवं होतं ते असं मिळत होतं. हवालदाराने अंगठ्या त्यांच्या बोटांत सरकवल्या. मेर्जानची अंगठी हुर्शितला बरोबर बसली. कात्री फितीला लावून तो थांबला.

"कात्री चालत नाहीये," तो म्हणाला. हातावर पैसे पडेपर्यंत कापणाऱ्याने असं अडवायचं, हा जुना विनोद, प्रत्येक साखरपुड्यात होतो, आणि बाया रीतीप्रमाणे हसल्या, थोड्या जास्तच मोठ्याने. तो हसला नाही. तो नेव्रेसकडे बघत होता.

"जबरदस्तीची सोयरीक कायद्याला चालत नाही, पोरी. तुझी मर्जी आहे ना?"

ढोलावर म्हातारीचा हात. भिंतीपाशी कादिर. ओट्यावर ती उघडी वही. साफिनाझला ओरडून सांगावंसं वाटलं की नाही म्हण, नाही म्हण, जे होईल ते होऊ दे. नऊ वर्षांत तिची जीभ एकदाच सुटली होती, मघाशी, आणि तेवढंच तिचं धैर्य होतं.

नेव्रेसने आधी काकाकडे बघितलं, मग आजीकडे. आईकडे बघितलं नाही.

"आहे," ती म्हणाली.

कात्री चालली.

त्यानंतर सगळं सणासारखंच झालं. ढोल मोकळेपणी वाजला, बाया गायल्या, ज्या भाषेतलं एक अक्षर आता कोणाला समजत नाही त्या भाषेत. हुर्शितने वासरू कापलं. म्हातारीच्या अंगात आलं तेव्हा फेरासेतने तिला दोन्ही हातांनी धरलं आणि मोठ्याने म्हणाली, "नातीचं बघून भरून आलंय हो." हवालदाराने मान डोलावली. त्याने भात खाल्ला, मांस दोनदा मागून घेतलं, वर कॉफी प्यायली. शिपायाला झाडाखाली ताट दिलं.

निघताना साफिनाझ हवालदाराला फाटकापर्यंत पोचवायला गेली. घोड्यावर बसून त्याने लगाम आवरला.

"लग्न कधी?"

"तंबाखू झाला की."

"म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. मला सांगा. येईन मी." मग खाली वाकून, शिपायाला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो म्हणाला, "बाई, आमच्याकडे साखरपुड्याला वासरू कापत नाहीत. पुढच्या मे महिन्यात कोणाचा साखरपुडा आहे, तेही आधी कळवा."

घोडा वळला. ती फाटकाला धरून उभी राहिली. परत येताना ती भिंतीला धरून चालली.

अंगणात कादिर कोट काढून खाली बसला होता, आईच्या पायांशी, आणि म्हातारी त्याच्या कपाळाला रक्ताचं बोट लावत होती. पन्नाशीचा माणूस डोळे मिटून बसला होता. हुर्शित साफिनाझला सामोरा आला.

"मामी, मी मोडतो. उद्याच निघून जातो कुठेतरी. माझ्यामुळे मोडलं म्हणा."

"आणि तो विचारेल, मग वासरू कशाचं होतं?" हे नेव्रेस म्हणाली. ती चुलीमागे भांडी घासत होती. आवाजात राग नव्हता. राग असता तर साफिनाझला बरं वाटलं असतं. "वहीत लिहिलंय त्याने. काकाचं नाव आहे त्यात."

हुर्शित उभा राहिला, मग तिच्या शेजारी खाली बसून त्याने एक पातेलं ओढलं आणि राखेने घासायला लागला.

साफिनाझ आत गेली. पिठाचा डबा उचलला. पत्र होतं तिथेच होतं. शिक्का तिने बोटाने चाचपून बघितला आणि डबा परत ठेवला. मागे पावलं वाजली.

"फाडू नकोस," नेव्रेस दारातून म्हणाली.

"नाही गं. मी कशाला..." साफिनाझने डब्याचं झाकण उगाच दाबलं. "मला काहीच सुचलं नाही. तो भिंतीला टेकला, आणि मला तुझा बाप दिसला. मी तुला विचारायला हवं होतं. एवढ्या घाईत कसं विचारणार होते मी?"

"तिथे विचारायला वेळ नव्हता, आई. मला कळतं."

ती जवळ आली. कपाळावर आजीने लावलेलं बोट वाळून काळं पडत चाललं होतं. तिने हात पुढे केला. बोटात साफिनाझची अंगठी, थोडी सैल, आणि तिला अजून वीतभर फीत लोंबत होती. ती एका हाताने गाठ सोडवू बघत होती, सुटत नव्हती.

"वासराची आहे ना ही?"

"हो," साफिनाझ म्हणाली. "दुसरी नव्हती घरात."

नेव्रेसने मान हलवली आणि गाठ सोडवायला हात आईपुढे धरला.